टेबलावरची पंचवीस मिनिटं

झोपलो नव्हतो हो! तपासत होतो! आता किती वेळा सांगायचं, आणि कुणाकुणाला सांगायचं? लिफ्टवाला दार उघडायच्या आधी विचारतो, 'काय मामा, झाली का झोप?' कँटीनच्या मावशी कप पुढे करताना हात आखडता घेतात आणि म्हणतात, 'चहा देऊ, की झोपमोड होईल?' धोबीखात्यातला तो टकलू, एरवी दोन शब्द बोलायचे तर त्याच्या जिवावर येतं, तोसुद्धा परवा धुतलेल्या चादरींच्या ढिगातून एक मऊशी निवडून काढतो काय आणि म्हणतो काय, 'ही खास तुमच्या अंगावर घ्यायला.' अहो, ऑपरेशनच्या टेबलावर कुणी हौसेनं झोपतं का? ते टेबल म्हणजे काय पलंग आहे? रुंदीला इस्त्रीच्या टेबलाहून चार बोटं जास्त, वर डोळे दिपवणारा दिवा, आणि खोलीत एसीचा असा गारठा की दात वाजले तर बाहेर ऐकू जावेत! तिथं झोप येईल? कुणाला येईल?

...आली. ते जाऊ द्या. पण झोपलो नव्हतो, तपासत होतो!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही पण लिफ्टवाल्याच्या बाजूनं व्हाल.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतो. म्हणजे डॉक्टर नाही, सिस्टर नाही, मला सगळे मामा म्हणतात. वय तेवीस. घरी मामा म्हणायला एकच भाची आहे, ती सव्वा वर्षाची, तिला अजून मामा म्हणता येत नाही. पण दवाखान्यात पंच्याहत्तरीचे आजोबासुद्धा 'ओ मामा, जरा धरा' म्हणून हाक मारतात आणि मीही 'आलो' म्हणतो. सवय झालीय. तर माझं काम काय? पेशंटला टेबलावर घ्यायचं, ऑपरेशनला हवा तसा ठेवायचा, कुणाला उताणा, कुणाला कुशीवर, कुणाला पालथा, आणि ऑपरेशन संपेपर्यंत तो तसाच सुखरूप राहील हे बघायचं. बस. एवढंच.

'म्हणजे उशा लावतोस होय रे?' आमची मावशी विचारते. चार माणसांत विचारते! मी आपला खाली बघून म्हणतो, 'हो मावशी, उशा लावतो.' मला चार माणसांत बोलता येत नाही हो. आत सगळं तयार असतं, अगदी पाठ असतं, पण ओठांशी येऊन शब्द एकमेकांना म्हणतात, तू हो पुढं, नाही नाही, आधी तू. आणि तेवढ्यात लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.

पण तुम्हाला सांगतो. तुम्ही ऐकताय म्हणून सांगतो. तुम्ही आम्ही घरी झोपतो तेव्हा रात्रभरात किती कुशी बदलतो? कुणी मोजल्यात? हाताखाली हात आला, मुंग्या आल्या, झोपेतच काढून घेतो. घोट्यावर घोटा आला, सरकवतो. कान दुमडला, मान वळवतो. सकाळी उठून म्हणतो, वा, छान झोप लागली! छान लागली, कारण आपण रात्रभर काम करत होतो! आणि भूल दिलेला माणूस? त्याला टोचलेलं कळत नाही, दुखलेलं कळत नाही, हात लोंबला तर वर घेता येत नाही, आणि असं चार चार, पाच पाच तास! मग त्याच्या वाटची कूस कुणी बदलायची? त्याच्या कोपराला रुततंय हे कुणी ओळखायचं? डॉक्टर कापण्यात गुंतलेले, सिस्टर हत्यारं देण्यात गुंतलेल्या, भूलवाल्या मॅडम श्वास आणि नाडी बघण्यात गुंतलेल्या. कोपर कुणाचं? माझं! टाच कुणाची? माझी! कानाची पाळी? माझी! पेशंट टेबलावर आला की त्याचं नाव, गाव, हुद्दा काय असेल ते असो, त्याची हाडं जिथं जिथं कातडीला लागून असतात ती सगळी माझी असतात.

हे मला शाळेनं नाही शिकवलं. शाळा माझी नववीत सुटली. बाबा रंगकाम करायचे, शिडीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. आई कामाला जायची, ताईचं लग्न झालेलं, मग घरी कोण? मी. दर दोन तासांनी बाबांना वळवायचं. दोन वर्षं, घड्याळ लावून. डावी कूस, उताणं, उजवी कूस. गुडघ्यांत उशी, टाचा अधांतरी. बाबा म्हणायचे, 'अरे, पोळीसुद्धा इतक्या वेळा उलटत नाहीत!' एकदा दवाखान्यातून डॉक्टर घरी आले, त्यांनी चादर बाजूला केली, पाठ बघितली, पुन्हा बघितली आणि आईला विचारलं, 'नर्स कोण ठेवलीय?' आईनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी दाराआड उभा. बाबा पुढं गेलेच. पण दोन वर्षांत त्या पाठीवर एक चट्टा नव्हता, एक! त्या डॉक्टरांनीच मला इथं लावलं. मोठे सर ते.

हो, तेच. ज्यांनी मला त्या सकाळी टेबलावर पकडलं, ते. पण झोपलो नव्हतो, तपासत होतो!

तपासायचं म्हणजे काय, ते ऐका. माझी एक पद्धत आहे. मोठं ऑपरेशन असलं की सकाळी, पेशंट यायच्या आधी, मी स्वच्छ कपडे घालतो, टेबल लावतो, उशा, गाद्या, पट्टे सगळं लावतो, आणि स्वतः त्यावर पडून बघतो. पेशंट जसा राहणार, तसा. का? कारण पेशंट बोलणार नाही! मग मी बोलतो. इथं रुततंय. इथं शिवण येतेय. इथं छाती दबतेय. उठतो, दुरुस्त करतो, पुन्हा पडतो. नंतर सगळं औषधानं पुसून काढतो, चादरी नव्या घालतो. मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या थिएटरच्या मुख्य, एरवी कुणाला चप्पलसुद्धा तिरकी ठेवू देत नाहीत, पण याला त्यांची परवानगी आहे. फक्त म्हणतात, 'लवकर आटप, आणि पाय पुसून चढ.'

तर त्या दिवशी पाठीच्या कण्याचं ऑपरेशन. पाच तासांचं. पेशंट पालथा ठेवायचा. आणि पालथा म्हणजे सगळ्यांत अवघड, तुम्हाला सांगतो! पोट मोकळं हवं, छातीला आणि कमरेला आधार हवा, तोंड एका भोक असलेल्या उशीत, डोळ्यांवर जराही भार नको, आणि हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना वर, कोपरात वाकवून, दोन हातपाट्यांवर, म्हणजे हात टेकायच्या फळ्यांवर. आणि आदल्याच दिवशी आल्या होत्या नव्या हातपाट्या! निळ्या, चकचकीत, वर ती लिबलिबीत गादी. विकायला आलेला माणूस टाय लावून सांगत होता, 'हत्तीनं यावर पाऊल ठेवावं सर, वळ उठणार नाही!' सगळ्यांनी बोट दाबून बघितलं, वा वा म्हणाले. माझ्या जुन्या हातपाट्या, मी स्वतः फोम कापून, कापूस गुंडाळून केलेल्या, त्या गेल्या कपाटामागं. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, नवं आहे, चांगलंच असेल, आणि हत्ती काही खोटं बोलणार नाही.

आता आदल्या रात्रीचं. ताई तेव्हा नुकतीच भाचीला घेऊन राहायला आली होती. ती तेव्हाची अकरा महिन्यांची बाई कुणाच्याही मांडीवर झोपायची नाही, फक्त माझ्या. का? कारण मी तिची मान बरोबर धरतो! सगळं घर घोरतंय आणि मी भिंतीला टेकून तिचं डोकं कोपराच्या घडीत घेऊन बसलोय, खाली ठेवली की भोंगा. पहाटेपर्यंत. तशीच आंघोळ केली आणि सात वाजता थिएटरात हजर.

टेबल लावलं. चढलो. पालथा पडलो. तोंड उशीच्या भोकात घातलं. त्या भोकातून खालच्या फरशीचा एक तुकडा दिसतो, तेवढाच. हात वर, नव्या हातपाट्यांवर. म्हटलं, आता बघू हत्तीचं. छाती, ठीक. कमर, ठीक. गुडघे, ठीक. आता कोपर... को...प...

बरं, लागला डोळा! तुमच्यापाशी काय लपवायचं? पण झोपायला म्हणून झोपलो नव्हतो, तपासत होतो, आणि तपासता तपासता लागला! फरक आहे की नाही?

आणि नेमके त्याच दिवशी नवे डॉक्टर. कामाचा तिसरा दिवस. शिकाऊ, हुशार, अंगात उत्साह नुसता उतू चाललेला. 'सर यायच्या आत मी सगळं तयार ठेवतो' असा पण करून आलेले. आत आले तर टेबलावर हिरव्या कपड्यांत एक माणूस पालथा, अगदी पुस्तकात असतो तसा! हात बरोबर, मान बरोबर, पोट मोकळं. त्यांनी मनात म्हटलं असेल, वा, काय सुंदर ठेवलाय पेशंट! (हे त्यांनी नंतर खरंच कबूल केलं. मी ते वाक्य जपून ठेवलंय.) आणि मग तो भला माणूस माझा सदरा वर करतो, बोळा घेतो, तपकिरी औषधात बुडवतो आणि माझ्या पाठीवर... अहो, गार! बर्फाच्या पाण्यात विंचू सोडावा तसं! 'आई गंऽऽ!' करून मी जो उठलो, ते टेबलावर गुडघ्यांवरच उभा! आणि भूल दिलेला पेशंट उठून बसला म्हणून नवे डॉक्टर जे किंचाळले, 'पेशंट जागा झालाऽऽ!' ते पार मजल्याच्या टोकाला सरांच्या खोलीपर्यंत गेलं.

सर आले. मागून सिस्टर आल्या. मी टेबलावर, पाठ तपकिरी, गालावर उशीचा गोल शिक्का. नवे डॉक्टर कोपऱ्यात, हातात चिमटा, चिमट्यात बोळा, बोळ्यातून थेंब.

सरांनी आधी त्यांना धरलं. सर ओरडत नाहीत, हळू बोलतात, त्याचीच भीती वाटते. 'डॉक्टर, नळी कुठंय?' 'नाही सर.' 'सलाईन कुठंय?' 'नाही सर.' 'भूलवाल्या मॅडम कुठं आहेत?' 'अजून आल्या नाहीत सर.' 'मग याला भूल कुणी दिली? याच्या आईनं अंगाई म्हटली?' मग सर माझ्याकडं वळले. 'आणि तू? झोपला होतास?'

'नाही सर. तपासत होतो.'

सिस्टरही म्हणाल्या, 'त्याची पद्धत आहे सर, पडून बघतो तो.' सरांनी माझ्या गालावरच्या शिक्क्याकडं बघितलं. म्हणाले, 'तपासत होतास म्हणतोस, म्हणून ठेवतो. थिएटरच्या टेबलावर झोपणारा माणूस मला एक दिवस नको. झोपला असतास तर आत्ता, या पावली घरी गेला असतास. आज आत दिसायचं नाही. बाहेर ट्रॉलीपाशी थांब. पेशंटला पोझिशन नवे डॉक्टर देतील.'

नवे डॉक्टर! ज्यांना साधा माणूस आणि भूल दिलेला यातला फरक कळला नाही, ते!

पण मी काय बोलणार? उतरलो. टेबल पुसलं, दोनदा पुसलं, चादर बदलली, खाली मान घालून बाहेर आलो. आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं... उजवा हात. हात कसला, करंगळी! करंगळी माझी नव्हतीच. चिमटा काढला, कुणा तिसऱ्याच माणसाला काढावा तसा. आणि शेजारच्या बोटाचा अर्धा भाग, करंगळीकडचा. बरोबर अर्धा, मधोमध कुणी रेघ मारावी तसा! अलीकडं सगळं कळतंय, पलीकडं नुसतं भण्ण. झटकला हात, चोळला, पाच मिनिटं झाली, दहा झाली. करंगळी रुसलेलीच. कोपराच्या आतल्या बाजूला, ते टोक असतं ना, जिथं चुकून आपटलं की बोटांपर्यंत झिणझिण्या जातात, तिथं बघितलं तर एक लाल रेघ. सरळ, पट्टीनं आखल्यासारखी.

म्हटलं, हत्ती खोटं बोलला.

तेवढ्यात पेशंटची ट्रॉली आली. शिलाईवाल्या काकू. पन्नाशीच्या, अंगानं बारीक, कोपरं म्हणजे नुसतं हाड आणि वर कातडं. तीस वर्षं मशीनवर वाकून वाकून कण्याची वाट लागलेली, पाय बधिर होत चाललेले. सोबतीला मुलगी होती, ती दाराबाहेरच थांबवलेली. काकू एकट्याच, छताकडं बघत. मला म्हणाल्या, 'बाळा, आत तू असतोस का रे?'

काय सांगू? 'असतो,' म्हटलं.

'मग एक सांगते, हसू नकोस. पाठीचं काय व्हायचं ते होवो. पायांचंही एक वेळ चालेल, मशीनला मोटार बसवलीय. पण हात तेवढे सांभाळ हं.' आणि हात वर करून दाखवले मला. सुया टोचून टोचून बोटांची टोकं खडबडीत, कात्रीचा घट्टा अंगठ्याला. 'शाळेचे चौदा गणवेश कापून ठेवलेत. कापलेलं कापड काही परत ठाण होत नाही. दोन महिन्यांत शाळा उघडायच्या. पोरं काय नुसत्या बाह्या घालून जातील?'

आणि हसल्या. मी पण हसलो. आणि पाठीमागं धरलेल्या उजव्या हाताची करंगळी... भण्ण.

आता हिशेब करा तुम्हीच. मी जाडजूड गडी, चढताना आणि उठल्यावर घड्याळ बघितलेलं, मला पंचवीस मिनिटांत हे झालं. त्या बारीक बाईला पाच तास! पाच तासांनी त्यांची बोटं सुई धरतील? महिन्यानं धरतील? धरतील तरी का? हे फक्त मला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही, आणि मला आत जायला बंदी.

आणि खरी पाचर पुढंच होती. मी आत जाऊन सांगायचं काय? कोपर नुसतं रुतलं असतं तर जाग्या माणसानं हात काढला असता. जागा माणूस मुंग्या येईपर्यंत थांबतच नाही! म्हणजे बोटाचं सांगायचं तर झोपेचं सांगायला हवं. आणि झोपेचं सांगितलं तर या पावली घरी. आईला काय सांगू? आणि घरी जाऊन तरी मी करणार काय, भाचीची मान धरणार?

दाराला हात लावला, काढला. पुन्हा लावला. ओठांशी सगळे शब्द उभे, तू हो पुढं, नाही, आधी तू. मागं बघितलं तर काकू चादरीच्या काठाची शिवण बोटांनी चाचपत होत्या. शिवण बघतच असणार, दुसरं काय! म्हटलं, व्हायचं ते होवो. काकूंना सिस्टरांजवळ ठेवलं आणि घुसलो आत.

सर कपडे बदलून आलेले. मॅडम औषधं भरत होत्या. नवे डॉक्टर हातपाट्या नीट करत होते, त्याच, निळ्या.

'सर...'

'पुन्हा काय? झोप अपुरी राहिली?' सगळे हसले. नवे डॉक्टर सगळ्यांत मोठ्यानं हसले, त्यांचंही बरोबरच, बिचाऱ्यांना कुणीतरी वाटेकरी हवा होता.

'सर, ते... ही... बोट.'

'बोट? कुठली बोट? बंदरावर आहेस का तू?'

पुन्हा हशा. माझे कान तापले. पण मॅडमनी सुई खाली ठेवली. भूलवाल्या मॅडम कमी बोलतात. म्हणाल्या, 'कुठलं बोट?'

'ही करंगळी. आणि हे शेजारचं. पण शेजारचं अख्खं नाही, अर्धंच.'

मॅडमच्या मास्कवरचे डोळे एकदम मोठे झाले. 'अर्धं? कुठलं अर्धं?'

'करंगळीकडचं.'

हसणारे सगळे माझ्या हाताकडं बघू लागले. मला काय माहीत त्या बोटात काय आहे! नंतर मॅडमनी सांगितलं, की कोपरामागून जी नस जाते, ती बरोबर दीड बोटाला जाते. दीड! दोन नाही, एक नाही. कॉलेजात पोरं हे घोकून घोकून पाठ करतात, आणि नववीत शाळा सुटलेला मी घोकेन कशाला? माझ्या बोटानं सांगितलं!

सर पुढं आले. माझा हात धरला, कोपर वळवलं, लाल रेघ बघितली. मग हळूच म्हणाले, 'जागा माणूस एवढ्या मुंग्या येईपर्यंत हात ठेवत नाही. एक तर बोटाचं खोटं सांगतोयस, नाहीतर सकाळचं खोटं सांगितलंस. कुठलं?'

बघा! नेमकं तेच! सिस्टर दारातून माझ्याकडं बघतायत, डोळ्यांनी सांगतायत, गप्प बस मूर्खा. आणि मी, जन्मात कधी चार माणसांत एक वाक्य धड न बोललेला मी, म्हणालो, 'झोपलो होतो, सर. गाढ. पंचवीस मिनिटं. नव्या हातपाट्यांवर. आणि काकूंना तुम्ही पाच तास झोपवणार आहात.'

एवढं लांब वाक्य! माझं मलाच खरं वाटेना.

सर सरळ हातपाटीपाशी गेले, स्वतःचं कोपर त्यावर टेकलं, अंगाचा भार दिला आणि घड्याळाकडं बघत उभे राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. मॅडमनी दुसऱ्या पाटीवर कोपर टेकलं. दोघं असे समोरासमोर, चहाच्या टपरीवर गप्पा मारायला टेकल्यासारखे! तिसऱ्या मिनिटाला सर म्हणाले, 'हं.' गादी उचलली. खाली दोन पत्र्यांचा सांधा, त्याची कड वर आलेली. बोटानं दाबलं तर कळत नाही. कोपरानं हळूहळू दाबलं की गादी बाजूला सरते आणि कड वर येते. बरोबर कोपराच्या त्या टोकाखाली.

'जुन्या कुठं आहेत?' सर म्हणाले.

'कपाटामागं.'

'आण. आणि तूच लाव.'

मग लावलं की हो मी! असं लावलं की सांगता सोय नाही! काकूंना भूल दिली, मॅडमनी डोकं धरलं, सहा जण दोन्ही बाजूंना, मी कमरेशी, 'एक, दोन, तीन', आणि बाई अशी पालथी झाली, की पाण्यावरचं पान वळावं. डोळे बघितले, मिटलेले, मोकळे. नाक मोकळं. कान दुमडलेला नाही. पोट मोकळं. गुडघ्यांखाली मऊ, पायाची बोटं अधांतरी. आणि ती कोपरं... त्यांना मी कापसात असं ठेवलं, की माझ्या भाचीचं डोकंसुद्धा इतक्या निगुतीनं कधी ठेवलं नसेल.

पाच तास उभा राहिलो. दर अर्ध्या तासानं चादरीखाली शिरून बॅटरीनं बघायचं. सर मध्येच म्हणाले, 'काय दिसतंय खाली?' 'डावा कान, सर. ठीक आहे.' एकदा नवे डॉक्टर वाकता वाकता काकूंच्या हातावर टेकले, तर मी म्हणालो, 'डॉक्टर, कोपर.' एवढंच! आणि ते 'सॉरी मामा' म्हणून चटकन बाजूला झाले! डॉक्टर, मला, सॉरी!

संध्याकाळी काकू जाग्या झाल्या. म्हणजे अर्ध्या. डोळे मिटलेलेच. मॅडम म्हणाल्या, 'काकू, मूठ वळा बरं.' काकूंनी मूठ वळली नाही. मॅडम पुन्हा म्हणाल्या, 'काकू, बोटं हलवा.' आणि काकूंनी काय केलं, सांगू? अंगठा आणि पहिलं बोट जुळवलं, दुसरा हात वर आणला, करंगळी अशी ऐटीत बाहेर काढली, आणि हवेत सुईत दोरा ओवला! डोळे मिटून! आणि पुटपुटल्या, 'गाठ मार गं.' सगळे हसले, मॅडम हसल्या, मी हसलो. मग जिन्यात जाऊन बसलो आणि माझी करंगळी कितीतरी वेळ हलवत राहिलो. हलत होती.

घरी आईनं विचारलं, 'काय झालं आज?' म्हटलं, 'काही नाही.' आणि तुम्हाला सांगतो, हे 'काही नाही' मी केलेलं असतं! रोज, दोन हातांनी! ऑपरेशन झालं की डॉक्टरांचं काम टाक्यांत दिसतं. माझं काम दिसलं तर मी नापास. काकू घरी जाताना सगळ्यांना हात जोडून गेल्या, सरांना, मॅडमना, सिस्टरांना, अगदी लिफ्टवाल्याला. मला म्हणाल्या, 'बाळा, तुला कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय.' वाटणारच. भुलीत तेवढं पुसलं जातं. जाऊ दे. चौदाच्या चौदा गणवेश शाळा उघडायच्या आधी गेले, ताईनं दुकानावरून जाताना मुद्दाम बघितलं, आणि बाह्या सरळ होत्या.

म्हणून मी म्हणतो, झोपलो नव्हतो, तपासत होतो. आता हे लिफ्टवाल्याला कोण समजावणार!

आणि नोकरीचं? त्याच संध्याकाळी सरांनी बोलावलं. मी मनात डबा, छत्री, कपाटाची किल्ली, सगळी आवराआवर करून गेलो. सर म्हणाले, 'सकाळी म्हणालो होतो, टेबलावर झोपणारा माणूस मला नको. चुकलो. असला एक माणूस हवाच.' आणि थिएटरच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं: मोठ्या ऑपरेशनआधी मामांनी टेबलावर त्या स्थितीत पंचवीस मिनिटं झोपून बघावं. नुसतं पडून नाही. झोपून. खाली सही, शिक्का! अहो, साऱ्या दवाखान्यात झोपायचा लेखी हुकूम असलेला मी एकटा! आईला वहीचा फोटो दाखवला. ती म्हणाली, 'शाळेत याच कामासाठी बाकावर उभं करायचे तुला.'

पण खरी पंचाईत पुढंच आहे. रोज सकाळी मी पालथा नाहीतर कुशीवर. सिस्टर घड्याळ धरून उभ्या, 'झोपलास का?' नवे डॉक्टर वही घेऊन शेजारी, 'मामा, आता कसं वाटतंय? आता?' सर दारातून डोकावतात, 'लागला का डोळा?' चार महिने झाले. नाही लागला हो. एकदाही नाही! उशी चांगली, गादी चांगली, भाची हल्ली रात्रभर झोपते म्हणून मीही घरी चांगला झोपतो, आणि इथं टक्क जागा! परवा तर भूलवाल्या मॅडमच वैतागल्या, म्हणाल्या, 'मामा, असं कर, मीच देते तुला थोडी भूल.'

विचार करतोय मी. नाही असं नाही. पण मग मला सांगा... माझं कोपर कोण बघणार?